तिळगुळाच्या दिवशीची तपासणी

जबलपूरकडच्या आमच्या मझौलीच्या बाजारात शालिग्रामजी वांगी घ्यायला उभे राहिले की भाजीवाल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. वांगं हातात घेऊन ते देठाशी अंगठा फिरवत, मग बुडाशी, मग उन्हाकडे धरून बघत. एकदा त्यांतली एक काछीण म्हणाली, "दादा, भटा है, तोप का गोला नहीं।"

शालिग्रामजी हसले नाहीत. वांगं तिच्या टोपलीत परत ठेवून म्हणाले, "गोले में कीड़ा नहीं पड़ता, बाई।"

म्हातारपणी ते लेकीकडे राहायला आले, तेव्हापासूनची आमची ओळख. लेक इंदू आमच्या गल्लीतली सून. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर बसत. बोलणं थोडं, गप्प बसणं फार. मी गोष्टी सांगणारा माणूस, मला गप्प माणसांची घाई नसते. आंब्याला मोहोर यायला जसा एक हंगाम जावा लागतो, तशी ही गोष्ट त्यांच्या तोंडून यायला काही हिवाळे जावे लागले. थोडी त्यांनी सांगितली, थोडी पुष्पाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. थोडी इंदूने सांगितली, आणि इंदूची सगळ्यात कडू होती.

शालिग्रामजी मूळचे काटोलकडचे. दुसऱ्या महायुद्धात जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत माणसं हवी होती, तेव्हा नागपूर, वर्धा, अमरावतीकडून गाड्या भरभरून पोरं आली, त्यात हेही आले. आधी हमाली केली, मग यंत्रावर बसले, आणि नजर बारीक आहे असं साहेबाच्या लक्षात आल्यावर तपासनीस झाले. आत काय बनत होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच सांगत, की लोखंडाचे तुकडे ट्रेमध्ये भरून समोर येत. हातात गेज, म्हणजे मापाची सळई, असे. गेजची एक बाजू तुकड्यात सहज शिरली पाहिजे, दुसरी बाजू शिरता कामा नये. बरोबर निघाला तर शिक्का. नाही निघाला तर दुरुस्तीला परत, नाहीतर भंगारात.

त्या खोलीचा एकच कायदा होता. ज्याने घडवलं त्याने तपासायचं नाही. कारागीर कितीही नावाजलेला असो, मुलाची शपथ घेऊन सांगो की तुकडा सोन्यासारखा आहे, शिक्का दुसऱ्याच हातात राहणार. विहिरीच्या काठाच्या दगडात दोराची खाच पडते, तसा हा कायदा शालिग्रामजींच्या अंगात उतरला होता. घरीसुद्धा पुष्पाबाईंनी भाजी चाखून "चांगली झाली" म्हटलं की ते म्हणत, "तू केली, तूच काहून सांगते? इंदू सांगन." मग लहानगी इंदू तळहातावर थेंबभर रस्सा घेई, डोळे मिटून चाटी आणि निकाल देई. मीठ कमी म्हटलं तर कमी. तिच्या निकालावर कोणी बोलायचं नाही. त्या घरातला तो खेळ होता आणि त्या पोरीचा मानही होता.

कारखान्याच्या अलीकडच्या वस्तीत एक मराठी शाळा होती. तिचं नाव मी लिहीत नाही. कामाला आलेल्या मराठी लोकांनीच ती उभी केली होती. कोणी विटा आणल्या, कोणी रविवारी येऊन गारा तुडवला. पुढे छप्पन्न साली राज्यांच्या हद्दी बदलल्या. नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, आणि नदीने पात्र बदलल्यावर वाळूत उभ्या राहिलेल्या नावेसारखी ती शाळा राहिली. पाणी दूर गेलं तरी नाव फुटली नव्हती. सातवीपर्यंतचे वर्ग मराठीत चालत होते. मात्र नियम असा, की वरच्या वर्गात मुलं फार कमी झाली तर सरकारचं अनुदान बंद, आणि अनुदान बंद झालं की वर्ग बंद.

शाळा चालवणारं एक मंडळ होतं. अध्यक्ष दिवाकरराव, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं लोण्यासारखं. त्यांच्या तोंडून कोणी कधी वाईट शब्द ऐकला नाही असं सगळे सांगत. ते खरं होतं, आणि तिथेच सगळी अडचण होती. दर जानेवारीत मंडळ आपल्याच कामाची तपासणी करी. मागच्या वर्षी काय करायचं ठरवलं होतं, ते वाचायचं. त्यातलं काय झालं, ते ठरवायचं. पुढच्या वर्षी काय करायचं, ते लिहायचं. चहा येई, चिवडा येई आणि शेवटी दरवर्षी एकच वाक्य लिहिलं जाई. मंडळाचे कार्य समाधानकारक.

बासष्टच्या जानेवारीत पालकांचा माणूस म्हणून शालिग्रामजींना मंडळात घेतलं. इंदू तेव्हा पाचवीत होती. तिला शाळेतल्या हेमलताबाईंसारखी मास्तरीण व्हायचं होतं. घरी भिंतीपाशी उशा मांडून ती त्यांना पाढे शिकवायची. शालिग्रामजींनी पहिल्याच सभेत एक उद्दिष्ट लिहून घेतलं. सातवी पास झाल्याशिवाय एकही मुलगी शाळा सोडणार नाही. दिवाकरराव म्हणाले, "वा, हे तर आपलं सर्वांत सुंदर उद्दिष्ट." आणि ते सर्वांत वर लिहिलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर सीमेवर चीनची लढाई पेटली.

कारखान्याचा भोंगा वेळीअवेळी वाजू लागला. पाळ्या लांबल्या, रविवार गेले. बाप घरी येत ते फक्त झोपायला. आया रेशनच्या रांगेत. मग दुपारी बापाचा डबा कारखान्याच्या फाटकावर कोणी न्यायचा, धाकटं लेकरू कोणी सांभाळायचं? घरातली मोठी पोट्टी. तरीसुद्धा मुली शाळेत येत होत्या, धापा टाकत, उशिरा, पण येत होत्या. मोडलं ते पुढच्या एका गोष्टीने.

दिवाकररावांनी शाळेच्या दोन मोठ्या खोल्या जवानांसाठी स्वेटर विणण्याच्या केंद्राला दिल्या. सहावी-सातवीच्या मुलींनी सकाळी तिथे बसून विणायचं आणि उरलेल्या वेळात व्हरांड्यात शिकायचं असं ठरलं. पेपरात फोटो आला. व्हरांड्यात नर्मदेवरून येणारा वारा सरळ अंगात शिरायचा, फळ्यावरचं अक्षर उन्हाने दिसायचं नाही. आयांनी सरळ हिशेब केला. विणायचंच आहे, तर पोरगी घरी बसून विणेल आणि पाळणाही हलवेल. एकेक मुलगी गळत गेली. तक्रार करायची तर कोणाची? बर्फात उभा असलेला जवान समोर आणला की सगळ्यांची तोंडं बंद होत. शालिग्रामजींचंही होत होतं. तेही त्याच जवानासाठी लोखंड तपासत होते.

एक दिवस हेमलताबाईंनी त्यांना व्हरांड्यात थांबवलं. समोरच्या सतरंजीवर इंदू आणि आणखी मोजक्या मुली अंगाभोवती शाली गुंडाळून बसल्या होत्या.

"शालिग्रामजी, असंच राहिलं तर जुलैपासून सहावीही नाही आणि सातवीही नाही. एवढ्या मुलींवर अनुदान मिळत नसते."

"मग उपाय?"

"खोल्या परत द्या. मी घरोघर जाऊन मुली आणते. छप्पर दाखवल्याशिवाय कोणत्या तोंडाने जाऊ?"

"मंडळाले सांगा नं तुम्ही."

"मी मंडळाची नोकर," हेमलताबाई म्हणाल्या. "मंडळ तुम्ही आहात."

सातवी गेली तर इंदूसाठी दुसरी शाळा होती, नाही असं नाही. पण ती हिंदी, आणि रेल्वे लाइनीच्या पलीकडे. पुष्पाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, लाइन ओलांडून पोरीला एकटी पाठवणार नाही. म्हणजे वर्ग बंद झाला की इंदूची शाळा संपली. शालिग्रामजी हे मनात घेऊन जानेवारीच्या सभेला गेले.

दिवाकररावांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "सातवी पास झाल्याशिवाय एकही मुलगी शाळा सोडणार नाही. हे उद्दिष्ट बऱ्याच अंशी साध्य."

"कोणी तपासलं?" शालिग्रामजी म्हणाले.

"म्हणजे?"

"बऱ्याच अंशी साध्य झालं, हे पाहिलं कोणी?"

"आपणच की, शालिग्रामराव. मंडळानेच."

"मंडळानंच करायचं आणि मंडळानंच पास करायचं. आमच्याकडे असं केलं तं तोफ आपल्याच माणसाच्या तोंडावर फुटन."

"अहो, ही शाळा आहे," शेजारचे एक सभासद चिवडा चावत म्हणाले. "तुमचा तोफखाना थोडीच आहे." सगळे हसले.

"सातवीत जाऊन पाहा एकदा. सतरंजी जास्त दिसते, पोट्ट्या कमी."

दिवाकरराव रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. "मग कोणी तपासावं असं तुमचं मत? तुम्हीच सुचवा."

"आयांनी. बाप तं कारखान्यात असते, त्याले काय माहीत. पोरगी घरी काहून बसली, ते आईले माहीत असते."

"उत्तम. मातांनी नापास म्हटलं तर दोन्ही खोल्या दुसऱ्या दिवशी मोकळ्या करून देतो. माझा शब्द. पण लढाईनंतरच्या या धामधुमीत सगळ्या माता एका जागी जमणार केव्हा?"

इथे शालिग्रामजींना एक कल्पना सुचली. मला सांगताना ते म्हणाले, "असं वाटलं, देवानंच तोंडात घातली." त्यांनी मान ताठ करून सांगितलं, "संक्रांत तोंडावर आली. यंदाचं हळदीकुंकू शाळेतच ठेवा. हळदीकुंकवाले कोणती बाई येत नाई?"

दिवाकररावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग लेखणी उचलली. "फार सुंदर कल्पना आहे," ते म्हणाले, आणि ठराव स्वतःच्या हाताने लिहिला.

घरी आल्यावर शालिग्रामजींनी मोठ्या अभिमानाने पुष्पाबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"संक्रांतीले? तोच दिवस काहून निवडला?"

"सगळ्या बाया एका जागी सापडतात म्हणून."

"अच्छा. आणि तुमच्या कारखान्यात तिळगूळ वाटून तपासतात का?"

"तपास तपास असते. दिवस कोणताही असो."

"पाहा बा." भाकरी तव्यावर गेली. "अजून एक सांगू का?"

"नको. तू आधीच अपशकून करून राहिली."

पुष्पाबाईंनी भाकरी उलटली. ती दुसरी गोष्ट चुलीपाशीच राहिली.

मग आठवडाभर, पाळी सुटली की शालिग्रामजी वस्तीतल्या घरोघर गेले. तिथे त्यांना जे ऐकू आलं ते ऐकून त्यांना वाटलं, खोल्या मिळाल्याच. अंबादास नावाचा त्यांचा सोबती होता, त्याची बायको भांडी घासता घासता म्हणाली, "भैया, खोली गेली तशी माझी पोट्टी गेली. वाऱ्यात बसवून खोकला लावून दिला तिले. मंडळवाल्यांच्या पोरी बसतात का व्हरांड्यात? मी तोंडावर सांगीन." दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्या बायकांची जीभ अडकित्त्यासारखी चालत होती.

सगळ्यांत नेमकं बोलली ती भानुमती. नवरा तापाने गेल्यावर ती मसाले कुटून घर चालवायची. तिची अंजनी सहावीत इंदूच्या शेजारी बसायची, आणि वर्गात तिच्याएवढी हुशार दुसरी नव्हती. दिवाळीनंतर ती घरीच होती, मुसळाच्या दुसऱ्या बाजूला.

"मसाला कुटाले मी घरी नव्हतं ठेवलं तिले," भानुमती म्हणाली. "आधी शाळेनं गणिताच्या तासाले सुया दिल्या तिच्या हातात. मी म्हणलं, शाळाच जर तिले कामाले लावते, तं माझं काम काय वाईट? भाऊजी, मंडळानं तिले घरी पाठवलं नाई. फक्त घर आणि शाळा यातला फरक पुसून टाकला."

शालिग्रामजी उठून उभे राहिले. "हेच. हेच तुम्ही त्या दिवशी सांगा. एवढं एक सांगितलं तं बाकी कोणी बोलाची गरजच नाई."

भानुमतीने मुसळ खाली ठेवलं. त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "बोलावणं येऊ द्या."

"त्याले काय लागते. येईनच."

संक्रांतीच्या दिवशी त्यांनी पाळी बदलून घेतली आणि धुतलेला सदरा घालून शाळेत गेले. मोठी खोली सजवली होती. विणलेल्या स्वेटरांच्या घड्या एका बाजूला रचल्या होत्या, त्यावर कागदी तिरंगा. बायका सतरंजीवर ओळींनी बसल्या होत्या, काळ्या साड्या, ताजे गजरे. पुरुष हळदीकुंकवात बसत नाहीत, म्हणून मंडळाच्या खुर्च्या दारापाशी मांडल्या होत्या. दिवाकररावांच्या पत्नी प्रतिमाताई स्वतः फिरत होत्या. प्रत्येकीच्या कपाळाला हळदकुंकू, हातावर अत्तर, ओंजळीत तिळगूळ, आणि वाण म्हणून स्टीलची वाटी. "तिळगूळ घ्या, गोड बोला," प्रत्येकीला त्या म्हणत. आणि प्रत्येक बाई त्यांच्या हातात तीळ ठेवून तेच म्हणे. खोलीभर तोच एक शब्द फिरत होता, गोड, गोड, गोड. इंदू आणि आणखी दोघीतिघी पाण्याचे गडू घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. आज वर्ग राहणार की जाणार, हे त्या मुलींनाही माहीत होतं. हेमलताबाईंनी सांगितलं होतं.

दिवाकरराव उभे राहिले. "माता-भगिनींनो, आज मंडळ विद्यार्थी आहे आणि तुम्ही परीक्षक. पास करा नाहीतर नापास करा. छडीही मारू शकता."

बायका हसल्या. त्यांनी उद्दिष्टं वाचायला सुरुवात केली. शाळेला चुना लावणे. पास. पाण्याची टाकी. पास. मग आवाज न बदलता त्यांनी ते तिसरं वाचलं, जे मागच्या वर्षी सर्वांत वर होतं आणि आता खाली आलं होतं. सातवी पास झाल्याशिवाय एकही मुलगी शाळा सोडणार नाही.

शालिग्रामजींनी अंबादासच्या बायकोकडे पाहिलं. ती हातातली वाटी फिरवून फिरवून बघत होती, जणू तिच्या बुडाशी काही लिहिलेलं आहे.

"वहिनी, बोला नं," ते दारातूनच म्हणाले.

ती अर्धवट उठली. प्रतिमाताई तिच्या शेजारीच बसल्या होत्या, हसऱ्या चेहऱ्याने. "आता... लढाई होऊन गेली नं भैया," ती म्हणाली. "थोडं इकडंतिकडं होतेच. तसं चांगलंच आहे सगळं." आणि पदर सावरून बसली.

दुसरी तेच म्हणाली. तिसरीने नुसती मान हलवली. शालिग्रामजींची नजर ओळीओळीने फिरू लागली. भानुमती कुठे आहे? पहिल्या ओळीत नव्हती. खांबापाशी नव्हती. दाराजवळ नव्हती. कपाळावर ओलं कुंकू नसलेला एकही चेहरा त्या खोलीत नव्हता. आणि मग, ते मला म्हणाले, छातीत गेज शिरावी तसं त्यांना कळलं. हळदीकुंकवाला कोणती बाई येत नाही, असं त्यांनी भर सभेत विचारलं होतं. जी खरं बोलली असती, तीच येत नाही. तिला कोणी बोलावतच नाही. हा दिवस दुसऱ्या कोणी निवडला नव्हता.

"शालिग्रामरावांना मातांचं मत हवं होतं," दिवाकरराव मऊ आवाजात म्हणत होते. "मग त्यांच्याच घरून ऐकू या. पुष्पाताई?"

पुष्पाबाई उभ्या राहिल्या. एका हातात वाटी, दुसऱ्या मुठीत तिळगूळ. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग खिडकीपाशी इंदूकडे पाहिलं. इंदूने गडू छातीशी धरला होता आणि तिचे डोळे आईच्या तोंडावर होते. कोणी भाजीत मीठ किती ते विचारावं आणि खरं उत्तर यावं, एवढीच त्या पोरीची अपेक्षा होती.

"मंडळ चांगलं करून राहिलं," पुष्पाबाई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. शालिग्रामजी खुर्चीवरून उठले. "हे खरं नाई. सातवीच्या पोरी कुठं आहेत, कोणी सांगन का? घरी तुम्ही सगळ्या मले..."

दिवाकरराव चार पावलं चालत आले, त्यांचा हात हातात घेतला आणि तळव्यावर तिळगुळाचा लाडू ठेवला. "आज नाही, शालिग्रामराव. आज गोड बोलायचं."

सगळी खोली हसली. त्या हसण्यात कपट नव्हतं. सणाचं हसणं होतं ते, कोणाच्याही घरात उमटतं तसं. पण वर्ग गेला तो त्या हसण्यातच गेला.

ठराव असा लिहिला गेला, की माता-पालकांनी एकमताने मंडळाचे कार्य उत्तम ठरवले. मातांकडून तपासणी करून घेण्याची ही अभिनव कल्पना श्री. शालिग्राम यांची, त्यांचे अभिनंदन. पुढील वर्षाचे उद्दिष्ट, हीच प्रगती कायम ठेवणे.

त्या दिवशी घरी कोणी कोणाला जेवायला बोलावलं नाही. शालिग्रामजी भिंतीला टेकून बसले. वाण मिळालेली वाटी पुष्पाबाईंनी फळीवर पालथी घातली आणि त्याच बोलल्या.

"मले इथं विचारलं असतं, चुलीपाशी, तं सांगतलं असतं. तिच्या हातचं कुंकू कपाळावर ओलं होतं माझ्या. तिच्या नवऱ्याले नापास म्हणू? उद्या वस्तीत पाण्याले कोणाच्या दारात जाऊ?"

"इंदू पाहून राहिली होती तुझ्याकडे."

"मले माहीत आहे." त्यांनी वाटी फळीवर आणखी आत सरकवली. "त्या दिवशी मी अजून एक सांगणार होती. तुम्ही नको म्हणलं."

"काय?"

"की भानुमतीबाईले येता येत नाई."

दुसऱ्या दिवशी शालिग्रामजी भानुमतीकडे गेले. अंजनी मुसळ चालवत होती, मिरचीचा ठसका दारापर्यंत येत होता. भानुमतीने त्यांना पाणी दिलं.

"बोलावणं आलं नाई, भाऊजी. येणारही नव्हतं. तुम्ही बोलले तेव्हाच समजलं होतं मले."

"मग तेव्हाच काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही इतक्या आशेनं बोलून राहिले होते." ती हसली. "आणि खरं सांगू? मले वाटलं, या माणसाच्या ध्यानातच नाई की मी विधवा आहे. बरं वाटलं थोडं."

मग ती बोलली. कोणत्या महिन्यात कोणती मुलगी का गेली, कोणाला सुई दिली, कोणाला खोकला झाला, कोणाच्या आईने हेमलताबाईंसमोर काय कबूल केलं, सगळं बोलली. शालिग्रामजी उभ्याने ऐकत राहिले. मंडळाची खरी तपासणी ती झाली, त्या मसाल्याच्या खोलीत. पण तिच्यावर शिक्का मारायला एकटे शालिग्रामजी होते, आणि त्यांच्याजवळचा शिक्का फक्त लोखंडावर उमटत होता.

जाऊन दिवाकररावांना सांगितलं नाही का, असं मी विचारलं. सांगितलं म्हणाले. दिवाकररावांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि विचारलं, "पण शालिग्रामराव, तपासणी तर झाली. तुमच्याच पद्धतीने झाली. आता पुन्हा कोणत्या आधारावर करायची?" शालिग्रामजींच्याच कायद्याने त्यांना बांधलं होतं. एकदा पास झालेला तुकडा परत मागवता येतो, पण तो मागवायला साहेब लागतो, आणि इथे साहेब दिवाकररावच होते.

जुलैत शाळा उघडली. सहावी-सातवी उघडली नाही. लढाई केव्हाच थांबली होती, तरी खोल्यांत लोकरीचे गठ्ठे तसेच होते. हेमलताबाई बदली मागून निघून गेल्या. ज्या बायकांनी मान हलवली होती त्यांतल्या काही शालिग्रामजींच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, भैया, तुम्ही मंडळात असून हे कसं होऊ दिलं. पुढच्या जानेवारीत मंडळात शालिग्रामजींचं नाव नव्हतं. संक्रांतीची तपासणी मात्र सुरू राहिली. जिल्ह्याच्या कचेरीतून तिचं कौतुक झालं आणि दरवर्षी मंडळ पास होत गेलं.

कारखान्याच्या फाटकापाशी दुपारी डबे घेऊन मुली उभ्या राहत. जुलैच्या त्या ओल्या दिवसांत भोंगा वाजल्यावर शालिग्रामजी बाहेर आले, तेव्हा भिंतीच्या आडोशाला त्यांना अंबादासची पोट्टी दिसली, तिच्यामागे आणखी दोघी, मग अंजनी, तिच्या मामासाठी डबा आणलेली. चेहरे ओळखीचे होते. व्हरांड्यातल्या सतरंजीवर नसलेल्या आणि असलेल्या सगळ्या. वर्ग पूर्ण भरला होता, फक्त तो फाटकावर भरला होता. टोकाला इंदू होती, डोक्यावर पोत्याची खोळ, दोन्ही हातांत डबा.

"बाबा, आज भाजी मी केली. आईनं हातही नाई लावला." तिने डबा पुढे केला. "सांगा कशी झाली."

"चांगली झाली," शालिग्रामजी म्हणाले.

इंदूने डब्याकडे पाहिलं. झाकणाची कडी अजून लागलेलीच होती. मग तिने बापाकडे पाहिलं, आणि खोळ सावरून इतर मुलींबरोबर चालू लागली.